लेबलवर २ टक्के सर्फॅक्टंट, बाटलीत त्याच्या निम्माही नाही

ड्रॉपलेटच्या, म्हणजे चिपवर सूक्ष्म थेंब पाडण्याच्या, कामासाठी फ्लुओरिनेटेड (फ्लोरीनयुक्त) तेल आणि त्यात थेंब सुटे ठेवणारा सर्फॅक्टंट विकत घेणाऱ्यांनी हे वाचावं म्हणून लिहिते आहे. माझे पीएचडीचे पाच महिने यात गेले.

पुण्यातल्या आमच्या लॅबमध्ये मी अल्जिनेटच्या (समुद्री शैवालातून मिळणाऱ्या पदार्थाच्या) जेलचे ६० मायक्रॉनचे मणी बनवते. पीडीएमएस या सिलिकोन रबराच्या, बारीक चॅनल असलेल्या चिपमध्ये अल्जिनेटची धार मधून येते, दोन्ही बाजूंनी तेल तिला चेपतं आणि धार तुटून थेंब सुटत जातात. ते सगळे सारखे हवेत. व्यास १० टक्क्यांनी वाढला तर घनफळ ३३ टक्क्यांनी वाढतं, आणि मण्यात पेशी भरायच्या असतील तर सगळा हिशेबच कोलमडतो. थेंबातलं कॅल्शियम ईडीटीए या रसायनाने धरून ठेवलेलं असतं. तेलातल्या अ‍ॅसिटिक आम्लाने ते सुटलं की जेल धरतं. तोवर थेंब एकमेकांत मिसळू नयेत, म्हणून तेलात सर्फॅक्टंट लागतो. खरी किंमत त्याचीच असते.

वितरकाचा माणूस डेमोला आला तो तेलाची स्वतःची कुपी घेऊन. मायक्रोस्कोपखाली थेंब मधाच्या पोळ्यासारखे षटकोनी रांगांत बसले, दुसऱ्या दिवशीही तसेच होते. आम्ही लेबलवर २ टक्के सर्फॅक्टंट लिहिलेल्या, एकाच लॉटच्या तीन बाटल्या मागवल्या. एकेका बाटलीची किंमत माझ्या महिन्याच्या फेलोशिपपेक्षा जास्त. बाटल्या आल्या, ‘माल योग्य स्थितीत मिळाला’ यावर मी सही केली, बिल गेलं.

त्यानंतर चिपमध्ये थेंब सुरेख पडायचे, पण ट्यूबमध्ये जमले की अर्ध्या तासात एकमेकांत विरघळायचे. मणी निघायचे ते लहान-मोठे, वेडेवाकडे. फोन केला की वितरकाचा माणूस म्हणायचा, “मॅडम, तुमचं प्लाझ्मा बाँडिंग (चिप चिकटवण्याची पद्धत) बघा, चॅनल पाणी धरत असणार.” मी चॅनलला पाणी धरू न देणारं सिलेनचं कोटिंग पुन्हा केलं. मग म्हणाला, चिपमध्ये द्रव ढकलणारा सिरिंज पंप धक्के देतो. पंप बदलला. यातलं प्रत्येक कारण खरं असू शकतं, म्हणूनच मी त्याच्यावर विश्वास ठेवत गेले आणि स्वतःच्या हाताला दोष देत राहिले. चिपचा दोष असता तर थेंब तुटतानाच बिघडला असता. चांगला पडलेला थेंब बाहेर येऊन मिसळतो, तेव्हा आधी तेलाकडे बघायला हवं होतं.

केमिस्ट्रीतल्या एका ताईंनी साधी गोष्ट सुचवली: तेल उडवून लावा, मागे काय उरतं ते तोला. एचएफई-७५०० हे तेल उडून जातं, सर्फॅक्टंट मागे राहतो. वाफा ओढून घेणाऱ्या फ्यूम हूडमध्ये हॉटप्लेटवर एका बाटलीतलं ५ ग्रॅम तेल ठेवलं. २ टक्क्यांच्या हिशेबाने १०० मिलिग्रॅम उरायला हवे होते. उरले २१. दुसऱ्या बाटलीत, त्याच लॉट नंबरच्या, ३८. सर्फॅक्टंट नसलेल्या नुसत्या तेलात जवळजवळ काही नाही. एकाच लॉटच्या दोन बाटल्यांत एवढा फरक दिसला तेव्हा माझे हात थरथरत होते.

सरांनी उत्पादक कंपनीला लॉट नंबर कळवला. तो लॉट त्यांनी या वितरकाला विकलाच नव्हता. वितरकाने पत्राला उत्तर दिलं ते माझ्या सहीची प्रत जोडून. पैसे अजून मिळालेले नाहीत, तक्रार चालू आहे.

डेमो घ्याल तेव्हा तो तुमच्या ताब्यात येणाऱ्या, सीलबंद बाटलीतूनच घ्या. लॉट नंबर उत्पादकाकडून आधी पडताळा. आणि ५ ग्रॅम उडवून तोलायला एक दुपार पुरते. आमच्या स्टोअरच्या पावतीवर आता ‘तपासणीच्या अधीन’ असं लिहूनच मी सही करते.