जिओपांडाज: कुठली बाग कुठल्या मंडळात हे पायथनमधे काढायचं असेल तर

आंब्याच्या बागांचे जीपीएस पॉइंट एक्सेलमधे पडलेत आणि प्रत्येक बाग कुठल्या तालुक्यात, कुठल्या महसूल मंडळात येते ते काढायचंय, असं काम असेल तर सरळ जिओपांडाज ही पायथनची नकाशांसाठीची लायब्ररी घ्या. हवामानावर आधारित फळपीक विमा मंडळनिहाय असतो, त्यामुळे बाग शेजारच्या मंडळात दाखवली गेली तर बागायतदाराचं खरंच नुकसान होतं, म्हणून एवढं कळकळीने लिहितोय. लायब्ररी फुकट, ओपन सोर्स, आणि एकदा इन्स्टॉल केली की नेट लागत नाही, पावसाळ्यात आमच्या बाजूला नेटचं काय होतं ते कोकणातल्यांना वेगळं सांगायला नको.

वापरायला एकदम सोपं आहे, मंडळांच्या हद्दीची फाइल वाचायची, पॉइंट वाचायचे, जागेवरून जोडी लावणाऱ्या एसजॉइन फंक्शनला दोन्ही द्यायचे, झालं. आतमधे ते आधी प्रत्येक मंडळाभोवतीचा चौकोन बघतं, ज्या चौकोनात पॉइंट येतच नाही ती मंडळं तिथेच बाद, उरलेल्यांचीच बारीक तपासणी. ती तपासणी म्हणजे पॉइंटपासून एका दिशेला सरळ रेघ काढायची आणि ती हद्दीला किती वेळा छेदते ते मोजायचं, विषम आकडा आला तर आत, सम आला तर बाहेर. आपल्या खाड्यांनी हद्द कितीही वेडीवाकडी झाली तरी हे गणित चुकत नाही, मला तर हेच सगळ्यात आवडतं! आणि डिसेंबर २०२२ मधे शेपली २.० आल्यापासून, म्हणजे याच्या खाली चालणारी लायब्ररी, पॉइंटची अख्खी यादी एकदम तपासून होते, त्यामुळे एकेक पॉइंटसाठी लूप लिहीत बसू नका.

आता सांभाळायच्या गोष्टी. आपण बोलताना अक्षांश आधी म्हणतो, इथे रेखांश आधी द्यायचा. देवगड साधारण १६.३७ उत्तर, ७३.३७ पूर्व, हे उलटं टाकलं तर पॉइंट जातो नॉर्वेच्या उत्तरेला समुद्रात, आणि प्रोग्राम एरर देत नाही, नुसतं कुठेच सापडलं नाही म्हणतो. दुसरं म्हणजे एसजॉइनला जोडी कशी जुळवायची ते सांगताना विदिन (आत असणं) लावलं तर बरोब्बर रेघेवरचा पॉइंट कोणाच्याच वाट्याला येत नाही आणि इंटरसेक्ट्स (नुसता स्पर्श झाला तरी चालणं) लावलं तर दोन्हीकडे येतो, म्हणून नंतर डुप्लिकेट तपासाच.

पण खरा घोळ असतो तो हद्दीच्या फाइलमधे. साइटवरून उतरवलेल्या कितीतरी फाइल हलक्या करायला किनारा सरळ कापलेला असतो. नवीन फाइल आली की मी पहिला सिंधुदुर्ग किल्ल्याचा पॉइंट टाकून बघतो, किल्ला मालवणसमोर बेटावर, फाइल जाडीभरडी असेल तर बेटच गायब आणि किल्ला कुठल्याच तालुक्यात नाही. मग विजयदुर्गची खाडी बघायची, अलीकडे देवगड तालुका, पलीकडे राजापूर, म्हणजे जिल्हाच बदलतो, रेघ थोडी जरी सरकलेली असेल तर खाडीकाठच्या बागा थेट दुसऱ्या जिल्ह्यात. या दोन टेस्टमधे नापास झालेली फाइल मी वापरत नाही.

किनाऱ्यालगतचे जे पॉइंट तरीही बाहेर राहतात त्यांच्यासाठी एसजॉइन निअरेस्ट आहे, जवळचं मंडळ शोधून देतं, अंतराची मर्यादा पण घालता येते. फक्त त्याआधी पॉइंट आणि हद्द दोन्ही ईपीएसजी ३२६४३ या मीटरमधे मोजणाऱ्या नकाशा-पद्धतीत बदलून घ्या, म्हणजे अंतर मीटरमधे येतं, नाहीतर ते डिग्रीत मोजत बसेल.

कोड नकोच असेल तर क्यूजीआयएस या नकाशाच्या सॉफ्टवेअरमधे पण हेच काम माऊसने होतं, ते पण फुकट. पण यादी दर हंगामात बदलत असेल तर जिओपांडाजच बरं, स्क्रिप्ट परत चालवली की झालं. एसजॉइन करताना हाऊ या पर्यायात लेफ्ट लिहायला विसरू नका, म्हणजे न सापडलेल्या बागा यादीतून गळत नाहीत, मंडळाचा रकाना रिकामा ठेवून समोर येतात, आणि तेवढ्याच नकाशावर उघडून डोळ्याने बघता येतात.