गुण आला, म्हणूनच फसलो

मी बत्तीस वर्षं विमा विकला. समोरच्याच्या मनातली भीती ओळखायची, तिला हळूच बोट लावायचं आणि मग फॉर्म पुढे सरकवायचा, हा माझा धंदा. त्यामुळे आपल्याला कुणी गंडवू लागला तर आपल्याला लगेच कळेल, असा माझा समज होता. तो समज मला २१,५०० रुपयांना पडला. बाकीचं नुकसान वेगळंच.

दुखण्याचं आधी सांगतो, नाहीतर मी त्या भोंदू शिबिराच्या हॉलपर्यंत पोचलोच कसा ते कळायचं नाही. २०१९ साली माझ्या दोन्ही गालांच्या आतून पांढऱ्या रेषांची जाळी उमटली. मधेमधे लाल, सोलवटलेले डाग. तिखट लागलं की आग. सीएसएमटीजवळच्या सरकारी दंत महाविद्यालयात तुकडा काढून तपासला आणि निदान झालं, ओरल लायकेन प्लॅनस. शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच तोंडाच्या अस्तरावर उलटते. एकाचं दुसऱ्याला लागत नाही, पण मुळापासून जातही नाही. शमतं आणि परत उसळतं. क्वचित कुणाला त्या जागी कॅन्सर होऊ शकतो, म्हणून ठरावीक काळाने दाखवत राहायचं. लावायला स्टेरॉइडची पेस्ट मिळाली. ठाण्यात राहून मामलेदारची मिसळ बंद, एवढं सोडलं तर बरं चाललं होतं.

मग तोंडाला कोरड पडायला लागली. बिस्कीट टाळ्याला चिकटायचं. भाकरी ताकात बुडवल्याशिवाय उतरेना. उशाशी तांब्या आला, रात्री तीन-तीनदा उठणं आलं. गिऱ्हाइकाला पॉलिसी समजावताना जीभ टाळ्याला चिकटून वाक्याच्या मधेच 'टक्' असा आवाज यायचा आणि समोरचा कागदाऐवजी माझ्या तोंडाकडे बघायचा. लायकेन असलेल्या पुष्कळांची ही तक्रार असते, हे मला नंतर कळलं. तेव्हा वाटलं, आपलंच काहीतरी भयंकर झालंय.

तलावपाळीला सकाळी फिरायला येणाऱ्या एकाने सांगितलं की नौपाड्यातल्या एका हॉलमध्ये दर रविवारी मुखरोगांचं शिबिर भरतं, जाऊन तर बघा.

गेलो. दारातच कोकम सरबताने स्वागत. तोंड झोंबलं, पण अगत्य मोडवेना. दहा मिनिटांनी आत बोलावलं. पांढरा कोट, समोर लॅपटॉप, मागे धन्वंतरीची तसबीर. त्याने माझ्या जिभेवर एक कागदी पट्टी टेकवली. पट्टी केशरी झाली. "काका, तुमची लाळ आम्लधर्मी झाली आहे. ग्रंथी जळतायत." तोंडचं पाणी पळणं म्हणजे काय, ते त्या क्षणी कळलं.

मग त्याने एक छोटी गोळी जिभेखाली ठेवायला दिली. आंबट. अर्ध्या मिनिटात तोंडात पाणीच पाणी. कित्येक महिन्यांनी लाळ गिळली मी! "बघा, ग्रंथी अजून जिवंत आहेत," तो म्हणाला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं हो. चिंचेचं नुसतं नाव काढलं तरी तोंडाला पाणी सुटतं, हे लहान पोराला माहीत असतं. सरबतानंतर कुणाचीही पट्टी केशरीच होणार, हेही सातवीच्या विज्ञानात असतं. पण घाबरलेल्या माणसाची सातवी कुठे शिल्लक राहते?

नव्वद दिवसांचा कोर्स घेतला. आंबट गोळ्या चघळायला आणि तपकिरी कॅप्सूल सकाळी दोन, नाश्ता झाल्यावरच. पैसे यूपीआयने एका बाईच्या वैयक्तिक खात्यावर. बिल मागितलं तर "आधी गुण येऊ द्या, बिलाचं काय" असं उत्तर. बाटलीवर नुसतं पानाचं चित्र. उत्पादकाचा पत्ता नाही, परवाना क्रमांक नाही, बॅच नंबर नाही. हे सगळं मी तेव्हाच पाहिलं होतं. पाहिलं नाही असं म्हणून सुटायचं नाही मला.

आणि खरंच गुण आला. आठव्या दिवशी गालाची आग थांबली. पंधराव्या दिवशी मी मिसळ खाल्ली. गुडघेही दुखेनासे झाले, भूक वाढली, अंगात जोर आला. फसवणूक म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काहीच न करणारी पावडर येते. इथे उलट होतं. सगळं काम करत होतं, फक्त कोरड तशीच होती. तिच्याकडे मी दुर्लक्ष केलं.

इतकंच नाही, चार जणांना मीच तिकडे पाठवलं. माणशी ५०० रुपये सूट मिळायची, ती मी घेतली. त्यात आमच्याच बिल्डिंगमधल्या एक काकू होत्या. त्यांना मधुमेह.

दोन महिन्यांनी चेहरा गोल झाला. लोक म्हणायचे, तब्येत सुधारली. बायको मात्र म्हणाली, "अहो, हे बाळसं मला ठीक दिसत नाही." जिभेवर पांढरा थर साचला, पुसला तर खाली लालभडक. तिसऱ्या महिन्यात एका रविवारी हॉलला कुलूप. फोन बंद. औषध संपलं ते संपलंच. पाचव्या दिवशी उलट्या, चक्कर, उठून उभं राहवेना. रुग्णालयात नेलं तेव्हा रक्तदाब ८६ वर ५०.

तिथल्या डॉक्टर बाईंनी तोंड पाहिलं, चेहरा पाहिला आणि पहिलाच प्रश्न विचारला, "काका, कुठली पुडी घेत होता?" सकाळच्या रक्तातलं कॉर्टिसॉल, म्हणजे शरीर स्वतःच बनवतं ते स्टेरॉइड, जवळजवळ नव्हतंच. त्यांनी समजावलं ते असं: बाहेरून स्टेरॉइड पोटात जात राहिलं की मूत्रपिंडावरच्या ग्रंथी आपलं काम बंद करतात. मग ते एकदम थांबलं की शरीर उघडं पडतं. गालाला लावायच्या चिमूटभर पेस्टने एवढं होत नाही. कॅप्सूलची बाटली रिकामी होती, त्यामुळे आत काय होतं हे प्रयोगशाळेच्या कागदाने मी सिद्ध करू शकत नाही. पण गोल चेहरा, जिभेवरची बुरशी, भूक आणि हे कॉर्टिसॉल, सगळ्यांची साक्ष एकच होती. नंतर स्टेरॉइडच्याच गोळ्या देऊन त्या हळूहळू कमी करत आणाव्या लागल्या. सात महिने लागले.

आंबट गोळ्यांनी वेगळाच हिशेब केला. लाळ दातांवरचं आम्ल धुऊन काढते. ती नसताना मी दिवसभर आंबट चघळत होतो. हिरड्यांलगत तीन दात किडले.

कोरडीची खरी तपासणी मग झाली. ती इतकी कंटाळवाणी की तिच्यावर शिबिर भरवताच येणार नाही. पंधरा मिनिटं गप्प बसायचं आणि तोंडात जमेल ते मापाच्या भांड्यात थुंकत राहायचं. दीड मिलिलिटरपेक्षा कमी भरलं तर लाळ खरंच कमी. माझी कमी भरली. श्योग्रेन नावाच्या आजारात लाळेच्या आणि अश्रूंच्या ग्रंथी सुकतात. तो नाही ना, म्हणून रक्त तपासलं आणि खालच्या पापणीत कागदाची पट्टी पाच मिनिटं अडकवून डोळ्यांचं पाणी मोजलं. पट्टी इथेही होती, पण आधी सरबत नव्हतं. तो आजार निघाला नाही. मग डॉक्टर बाईंनी माझ्या रोजच्या गोळ्या टेबलावर मांडायला लावल्या. सर्दीची अॅलर्जीची गोळी मी सहा वर्षं रोज घेत होतो, ब्लडप्रेशरसाठी लघवी वाढवणारी वेगळी. दोन्हींनी तोंड कोरडं पडतं. अॅलर्जीची बंद झाली, दुसरी त्यांनी बदलून दिली. आता साखर नसलेलं झायलिटॉलचं च्युइंगम, रात्री कृत्रिम लाळेची जेल, फेस न करणारी फ्लोराइडची टूथपेस्ट. कोरड आहे, पण निम्म्यावर.

माझे मामा वैद्य होते, त्यामुळे आयुर्वेदावर राग काढायला मी बसलेलो नाही. मामांची नोंदणी होती, दारावर पाटी होती आणि औषध बिघडलं तर शिव्या घालायला पत्ता होता.

तक्रार मी वागळे इस्टेटमध्ये अन्न व औषध प्रशासनाकडे दिली, १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवरही नोंदवली. बिल नाही, औषध शिल्लक नाही, विकणाऱ्याचा ठावठिकाणा नाही. हातात काय, तर यूपीआयची पावती आणि एक रिकामी बाटली. तुमच्या घरात अशी बाटली असेल तर दोन विनंत्या. कॅप्सूल एकदम बंद करू नका, बाटली घेऊन आधी डॉक्टरांकडे जा. आणि चार कॅप्सूल तपासणीसाठी बाजूला काढून ठेवा.

स्टेरॉइडने साखरही वाढते. काकूंची चारशेच्या वर गेली होती. त्या वाचल्या. बऱ्या होऊन घरी आल्या तसा मी त्यांच्या वाट्याचे ५०० रुपये पाकिटात घालून वर गेलो. मला वाटलं, राहू द्या म्हणतील. त्यांनी घेतले. पाकीट उघडून पाहिलं आणि मग दार लावून घेतलं.