जुन्या बारा बोअरला सोसेल ते काडतूस: अमरावतीतील एका बंदूक-दुरुस्ती दुकानाचा अनुभव

अमरावतीतील ज्या परवानाधारक दुकानातून मी घरची जुनी दुनळी तपासून घेतली, तेथील कामाविषयी लिहिण्याचे कारण असे की, जुन्या बंदुकीला कोणते काडतूस सोसेल हा प्रश्न आमच्या भागात सहसा कोणी विचारत नाही. सोयाबीन आणि तुरीच्या वावरात रानडुकरे व रोही (नीलगायी) शिरतात, पीकसंरक्षणाचा परवाना वडिलांकडून मुलाकडे येतो, आणि दुकानात ‘बारा बोअर’ एवढेच सांगून मिळेल ती पेटी घेतली जाते.

या दुकानातील मिस्त्रींनी परवाना पाहून झाल्यावर काडतुसांची पेटी काढण्याआधी बंदूक मागितली. लाकडी पुढा उतरवून नळ्या व कळ (नळ्यांना मागून बंद करणारा भाग) यांच्या सांध्यात फट दिसते का, हे त्यांनी उजेडासमोर धरून पाहिले. मग नळ्या टांगून हलकेच ठोकल्या, कारण मधली पट्टी सुटलेली असेल तर आवाज बद्द येतो. नळीच्या आतील गंजाचे खड्डे आणि पोचे त्यांनी मला दाखवले. बंदूक इंग्लंडमधील बर्मिंगहॅमच्या चाचणीगृहाचे (नळ्या बाराचा दाब सोसतात का हे तपासणाऱ्या संस्थेचे) ठसे असलेली आहे, आणि हे ठसे वाचता येणारा कारागीर मिळणे हीच या दुकानाची मोठी बाजू आहे. काही जुन्या नळ्यांची चाचणी केवळ काळ्या दारूवर, म्हणजे जुन्या पद्धतीच्या धूर करणाऱ्या दारूवर झालेली असते, त्यामुळे आजच्या काडतुसांतील बिनधुराच्या दारूसाठी वेगळा ठसा आहे की नाही हे पाहावेच लागते. आमच्या बंदुकीवर तो होता.

खरी अडचण चेंबरच्या, म्हणजे नळीत काडतूस बसते त्या मागच्या भागाच्या लांबीत निघाली. मापाने ते ६५ मिलिमीटर, म्हणजे अडीच इंच भरले, तर आज बाजारात सर्रास मिळणारे काडतूस ७० मिलिमीटरचे असते. ही ७० मिलिमीटरची लांबी तोंड उघडल्यानंतरची असते. दुमडलेल्या तोंडाचे न उडवलेले काडतूस त्याहून आखूड असल्याने ते जुन्या चेंबरमध्ये निर्वेध बसते आणि बंदूकही बंद होते. बार उडाल्यावर मात्र दुमड उलगडून पुढच्या निमुळत्या भागात शिरते, छर्ऱ्यांची वाट अरुंद होते आणि दाब वाढतो. ‘आत जाते म्हणून चालते असे नाही, भाऊ,’ हे मिस्त्रींचे म्हणणे प्रत्येक जुन्या बंदुकीच्या मालकाने ऐकावे असे आहे. खांद्याला बसणाऱ्या धक्क्यावरून दाबाचा अंदाज बांधू नये, असेही त्यांनी सांगितले. धक्का मुख्यतः छर्ऱ्यांच्या वजनावर आणि वेगावर ठरतो, तर नळीतील दाब दारू किती झपाट्याने जळते यावरही अवलंबून असतो, त्यामुळे हलका वाटणारा बारही नळीला जड जाऊ शकतो.

दुकानात ६५ मिलिमीटरचा माल त्या दिवशी नव्हता, तरी हातातील गिऱ्हाईक जाऊ देऊन त्यांनी लांब काडतूस विकण्यास नकार दिला. मला हा नकार फार मोलाचा वाटतो. रिकाम्या नळकांड्यांत घरी ‘हलकी’ दारू भरून घ्यावी, अशी सूचना शेजारच्या एका गिऱ्हाइकाने केली, तेव्हा ती नाकारताना मिस्त्रींनी दोन कारणे दिली: शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ५ नुसार दारूगोळा तयार करण्यास परवाना लागतो, आणि काळ्या दारूचे माप बिनधुराच्या दारूला लावणे म्हणजे नळी फोडण्याची तयारी करणे होय. परवाना असला तरी वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ अन्वये अधिकृत अधिकाऱ्याची परवानगी घेतल्याशिवाय रानडुकरावर बार टाकता येत नाही, याची आठवणही त्यांनी करून दिली.

उणिवा आहेतच. दरांचा फलक नाही, तपासणीचा निष्कर्ष तोंडी मिळतो आणि चेंबरचे माप मला मागून कागदावर लिहून घ्यावे लागले. योग्य लांबीचा माल कधी येईल याचा भरवसा कोणी देत नाही, म्हणून खेड्यावरून निघण्यापूर्वी दूरध्वनी केलेला बरा. जाताना मूळ परवाना, नळ्या पुसून रिकामी केलेली बंदूक आणि आधी वापरलेल्या काडतुसाचे एखादे रिकामे नळकांडे सोबत न्यावे. उघडलेल्या तोंडासह त्याची लांबी मोजली की मागे काय वापरले जात होते ते मिस्त्री लगेच सांगतात.