फेट सिम्युलेशन: शाळेत सहा महिने वापरल्यानंतर

आमची शाळा सातारा जिल्ह्यातल्या पाटण तालुक्यात, डोंगराच्या कडेला. वर्गात मोठं स्मार्ट पॅनेल आहे, पण रेंज मिळायला मैदानाच्या टोकाला जावं लागतं. पुस्तकातला क्यूआर कोड स्कॅन करून व्हिडिओ दाखवा, हे प्रशिक्षणात ऐकायला बरं वाटतं. वर्गात नुसतं चाक गरगरत राहतं आणि तास संपतो. म्हणून जूनपासून 'फेट'ची (PhET) सिम्युलेशन्स, म्हणजे संगणकाच्या पडद्यावर करून बघायचे विज्ञानाचे प्रयोग, वापरायला घेतली. ती फुकट आहेत, बरीचशी मराठीतही आहेत, आणि मुख्य म्हणजे फाइल एकदा उतरवून घेतली की नेट लागत नाही. मी कराडला गेले तेव्हा पेन ड्राइव्ह भरून आणला. पॅनेलवर त्या फाइली थेट उघडेनात, म्हणून जुना लॅपटॉप जोडला. त्यावर क्रोममध्ये बिनतक्रार चालतात. 'जावा' हे वेगळं सॉफ्टवेअर लागणारी जुनी सिम्युलेशन्स मात्र सोडून द्या, त्यांच्या नादी लागण्यात अर्थ नाही.

हा प्रकल्प अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठाचा. कार्ल वायमन यांनी तो २००२ मध्ये सुरू केला. त्याच्या आदल्याच वर्षी त्यांना बोस-आइनस्टाइन संघनितासाठी (अतिथंड अणूंची एक वेगळी अवस्था) नोबेल विभागून मिळालं होतं. एवढा मोठा माणूस शाळेतल्या बल्ब-बॅटरीत लक्ष घालतो, याचं मला अजून अप्रूप वाटतं.

सगळ्यात जास्त वापरलं ते विद्युत परिपथाचं. नववीला धाराविद्युत शिकवताना दरवर्षी एक गैरसमज हटकून निघतो, की पहिला बल्ब थोडा करंट खातो आणि उरलेला दुसऱ्याला देतो. फळ्यावर कितीही बाण काढा, डोक्यातून जात नाही. इथे तारेतून निळे इलेक्ट्रॉन सरकताना दिसतात, बल्बच्या आधी आणि नंतर त्याच वेगाने. मागच्या बाकावरून आवाज आला, "मॅडम, म्हंजे बल्बानं काय खाल्लंच न्हाई की!" मग खातो काय, यावर उरलेला तास गेला. ऊर्जा आणि धारा (करंट) यांची फारकत इतक्या सहज आधी कधी झाली नव्हती. शॉर्ट सर्किट केलं की बॅटरी पेट घेते, ते तर पोरांनी मनसोक्त केलं. खऱ्या अमीटरचा फ्यूज वाचला हा वरचा फायदा.

आता खटकलेली गोष्ट. सिम्युलेशनमध्ये सगळं फार गुणी आहे. तार सैल होत नाही, मगरचिमटा गंजत नाही, सेल उतरत नाही. आमच्या प्रयोगशाळेत निम्मा वेळ लूज कनेक्शन शोधण्यात जातो, आणि ते शोधणं हेही शिकणंच आहे. नुसतं पॅनेलवर दाखवून प्रयोगवही भरून घ्यायची, असं काही ठिकाणी चालतं. प्रात्यक्षिकाचे २० गुण तसेही पडतातच, असा हिशेब असतो. त्यासाठी हे घेणार असाल तर घेऊच नका.

मी दोन्ही शेजारी शेजारी ठेवते. टॉर्चचे दोन जुने सेल, एक छोटा बल्ब, मल्टिमीटर. मोकळ्या सेलवर ३ व्होल्ट, बल्ब लावला की २.५. स्क्रीनवर मात्र ३ चे ३ च. पोरांनी आधी मल्टिमीटरलाच नावं ठेवली, मग सेल बदलून पाहिले, चिमटे घासले. आकडा थोडा हलला, पण ३ वर काही येईना. सिम्युलेशनच्या प्रगत पर्यायांत बॅटरीच्या अंतर्गत रोधाची, म्हणजे तिच्या स्वतःच्या आतल्या रोधाची, एक पट्टी आहे, सहसा कुणी उघडत नाही. बल्ब १० ओहमचा ठेवून ती २ ओहमवर नेली आणि स्क्रीनवरही २.५ आलं. हा भाग पुढच्या इयत्तांचा, परीक्षेला येणार नाही. पण आकडा जुळला तेव्हा वर्गात जो गलका झाला, तो मुख्याध्यापकांच्या खोलीपर्यंत गेला. माझ्या मते या साधनाचा खरा उपयोग इथे आहे: खरं उपकरण आणि पडदा यांचं भांडण लावायचं आणि मुलांना सोडवू द्यायचं.

रासायनिक समीकरणं संतुलित करण्याचा खेळही चांगला, दहावीची मुलं मधल्या सुट्टीत मागून घेतात. आम्ल-आम्लारीला मात्र मी सिम्युलेशन फारसं वापरत नाही. हळदीच्या कागदावर साबणाचं पाणी टाकून तो लाल झालेला हातात धरणं वेगळं.

लॅपटॉप एकच असेल तर माउस बाईंच्या हातात राहतो आणि वर्ग सिनेमा बघितल्यासारखा बसतो. मी गटागटाने पुढे बोलावते, वेळ जातो, इलाज नाही. शिवाय वीज. कोयनेचा प्रकल्प १९६० मेगावॅटचा, त्याचं धरण याच तालुक्यात, डोंगरावर पवनचक्क्या फिरताहेत, आणि आमची लाइट पावसाळ्यात केव्हा जाईल याचा नेम नाही. लॅपटॉपची बॅटरी धड असेल याची खात्री करूनच धडा लावा. तासाला जाण्याआधी फाइल एकदा उघडून ठेवा, आणि मल्टिमीटरचे सेलही बघून घ्या.