फ्रेंच कायदा-पदव्या इंग्रजीत नेताना: जवळची इंग्रजी पदवी लिहावी की मूळ नाव ठेवावं?

फ्रेंच वकिलांचे सीव्ही आणि पदवीपत्रं इंग्रजीत करणाऱ्यापुढे दोन रस्ते असतात. जवळची इंग्रजी पदवी लिहायची, म्हणजे 'लिसाँस'ला एलएलबी, 'मेत्रीज'ला एलएलएम. नाहीतर फ्रेंच नाव तसंच ठेवून पुढे अर्ध्या ओळीचा खुलासा जोडायचा. मी दोन्ही करून पाहिलंय.

पहिला रस्ता सोयीचा आहे, हे मान्य. लंडनमध्ये नोकरी देणारा वाचताना अडखळत नाही आणि ग्राहकही खूश, कारण आपण 'एलएलएम' आहोत हे त्याने मनात आधीच ठरवलेलं असतं. लिसाँस तीन वर्षांची, इंग्लंडची एलएलबीही सहसा तीनच, त्यामुळे तिथे चालून जातं. वाचणारा भारतीय असेल तर मात्र जपून. आपल्याकडे एलएलबी झाली की सनदेचा रस्ता खुला होतो. फ्रान्समध्ये नुसत्या लिसाँसवर वकिलीच्या शाळेची प्रवेश परीक्षाही देता येत नाही.

माझं दुखणं मेत्रीज. बोलोन्या प्रक्रियेनंतर, म्हणजे युरोपातल्या पदव्या एका साच्यात आणण्याच्या करारानंतर, 2002 पासून, फ्रान्समध्ये लिसाँस-मास्टर-डॉक्टरेट अशी रचना येत गेली. त्याआधी शिकलेल्यांकडे चौथ्या वर्षाअखेरची मेत्रीज असते आणि बऱ्याच जणांकडे त्यावर पाचव्या वर्षाची डीईए किंवा डीईएसएस. मेत्रीजला एलएलएम देऊन बसलात की डीईएला काय उरतं? तीही एलएलएम केली तर एकाच माणसाच्या दोन मास्टर्स दिसतात, आणि पडताळणीवाल्यांचा फोन ठरलेला. वर, नव्या रचनेत हेच चौथं वर्ष म्हणजे मास्टरचं पहिलं वर्ष, अर्धीच पदवी! या एका भानगडीने मला दुसऱ्या रस्त्याला लावलं.

वकिलीच्या 'कापा' प्रमाणपत्राचंही तसंच. कोणी त्यापुढे 'बॅरिस्टर' लिहितं, पण बॅरिस्टर-सॉलिसिटर ही विभागणी फ्रान्समध्ये नाहीच.

दोन पानी सीव्हीत समकक्ष नाव चालवून घेता येईल, मी फार ताणत नाही. शिक्क्याच्या कागदावर मात्र मी मूळ नावच ठेवतो. समकक्षता ठरवणं हे त्यासाठी नेमलेल्या अधिकृत संस्थांचं काम, अनुवादकाचं नव्हे. खुलाशाला जागा नसेल तर फ्रेंच लोकांचीच पद्धत उचलावी: मेत्रीजपुढे 'बाक अधिक 4', डीईएपुढे 'बाक अधिक 5', म्हणजे बारावीनंतरची वर्षं.