सोलापूरचा टॉवेल, जीएसएचं काँट्रॅक्ट आणि माझे ९,६४९ डॉलर

अमेरिकन सरकारला माल विकायचं काँट्रॅक्ट मिळवून देतो म्हणणाऱ्या एका कंपनीने मला फसवलं. आकडा आधीच सांगून टाकतो, म्हणजे ‘नक्की किती गेले रे?’ असं परत कोणी विचारायला नको. ५९९ डॉलर ‘सॅम रजिस्ट्रेशन’चे, म्हणजे सरकारला माल विकू पाहणाऱ्यांच्या सरकारी नोंदणीचे. ७,८५० ‘जीएसए शेड्यूल पॅकेज’चे (जीएसए म्हणजे सरकारी खरेदी बघणारं खातं), ३,९२५चे दोन हप्ते, दोन्ही बँकेतून वायर ट्रान्सफरने. आणि १,२०० ‘पोर्टल प्लेसमेंट’ नावाच्या कशाचे तरी. ते काय होतं हे मला आजही कळलेलं नाही. एकूण ९,६४९.

माझा धंदा साधा आहे. सोलापूरहून टेरी टॉवेल मागवायचे आणि इथे अमेरिकेत मोटेलवाल्यांना विकायचे. मोटेलवाले तीन-तीन महिने पैसे थकवतात. सरकार बिल वेळेवर देतं, असं ज्याच्या-त्याच्या तोंडून ऐकलं होतं, म्हणून सॅम-डॉट-गव्हवर नोंदणी केली. दुसऱ्या दिवशी सकाळी फोन हजर. नोंदणी ‘अपूर्ण’ आहे, ७२ तासांत रद्द होईल, वगैरे. समोरच्याने माझा युईआय नंबर घडाघडा म्हणून दाखवला, केज कोडसुद्धा (दोन्ही नोंदणीत धंद्याला मिळणारे ओळख क्रमांक). सरकारी माणूस नाही तर आणखी कोण, असं कोणालाही वाटलं असतं. ही सगळी माहिती सॅमवर कोणालाही बघता येते, हे कुठे मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असतं का? सॅमची नोंदणी फुकट आहे. दर वर्षीचं नूतनीकरणही फुकट आहे. यासाठी कोणी पाच डॉलर मागितले तरी फोन ठेवा.

५९९ दिल्यावर आपण ‘देणारं गिऱ्हाईक’ म्हणून त्यांच्या वहीत जातो. मग आला मोठा साहेब. गोड आवाज, घाई अजिबात नाही. जीएसएचं मल्टिपल अवॉर्ड शेड्यूल म्हणजे पाच वर्षांचं काँट्रॅक्ट, पुढे तीनदा पाच-पाच वर्षं वाढतं, म्हणजे वीस वर्षं चिंता नाही. हे खरंच आहे हो, आणि म्हणूनच मी घरी येऊन तपासलं तेव्हा सगळं जुळलं. त्याने जे सांगितलं नाही ते असं: पहिल्या पाच वर्षांत एक लाख डॉलरची विक्री दाखवावी लागते, नाहीतर काँट्रॅक्ट जाऊ शकतं. प्रत्येक विक्रीवर ०.७५ टक्के जीएसएला भरावे लागतात. आणि काँट्रॅक्ट म्हणजे ऑर्डर नव्हे. बाजारात गाळा मिळाला एवढंच, गिऱ्हाईक आपलं आपण आणायचं.

आता तो क्षण. रात्री झोप लागत नाही ती याच्यामुळे. पहिला हप्ता पाठवायच्या आधी मी स्वतःहून विचारलं होतं, “माल इंडियात बनतो, सोलापूरला. चालेल ना?” तो एक सेकंद थांबला. मग हसला आणि म्हणाला, “इंडिया इज अ फ्रेंड, सर. नो प्रॉब्लेम.” मी पण हसलो! ट्रेड अ‍ॅग्रीमेंट्स अ‍ॅक्टखाली जीएसए शेड्यूलवर फक्त ठरावीक देशांत बनलेला माल चालतो, आणि त्या यादीत भारत नाही. बांगलादेश आहे. नेपाळ आहे, भूतान आहे, अफगाणिस्तानसुद्धा आहे. सोलापूर नाही. जो माणूस दिवसभर हाच धंदा करतो त्याला हे ठाऊक नसेल? मला ठाऊक नव्हतं तर मी टॉवेल विकतो, कायदा विकत नाही. सैन्याच्या तळांचं गाजरही दाखवलं होतं. तिथे तर बेरी अमेंडमेंट आहे, १९४१ पासूनचं. मोठ्या खरेदीत कापड अमेरिकेतच विणलेलं लागतं, सुतासकट.

खऱ्या अर्जाला दोन वर्षांचे ताळेबंद लागतात, विक्रीची इनव्हॉइसं लागतात, दर योग्य आहेत हे पटवून द्यावं लागतं. या साहेबाने माझ्याकडे काय मागितलं? लोगो. त्या बदल्यात गरुडाचं चित्र असलेलं एक ‘सर्टिफिकेट’ पीडीएफ आलं, खाली ‘अप्रूव्ड व्हेंडर’, आणि एक पानी माहितीपत्रक, ज्यात सोलापूरचं स्पेलिंग ‘सोलरपूर’. काँट्रॅक्ट मिळण्याआधी असलं कुठलंही सर्टिफिकेट जीएसए देत नाही. ई-मेल डॉट-गव्ह किंवा सैन्याच्या डॉट-मिलवरून आली नसेल तर ती सरकारी समजू नका, मग गरुड कितीही मोठा असो.

तक्रारीचं ऐका. बँक म्हणते, वायर तुम्हीच पाठवली, आम्ही काय करणार. पोलीस म्हणतात, तुम्ही सही केलेला करार आहे, हा दिवाणी मामला. ग्राहकांच्या तक्रारी घेणारं खातं म्हणतं, तुम्ही ग्राहक नाही, बिझनेस आहात. म्हणजे मोठ्या कंपनीसारखे वकील ठेवायला मी लहान, आणि दाद मागायला मात्र मोठा! एका फेडरल फॉर्मवर सगळं लिहिलं, जोडपत्रं लावली. उत्तरात नंबर मिळाला आणि सोबत एक ओळ, की वैयक्तिक प्रकरणं आम्ही सोडवत नाही. दुसऱ्या हॉटलाइनवर वीस मिनिटं संगीत ऐकवून त्यांनी मला पहिल्याच फॉर्मची लिंक दिली. कर भरायला एक दिवस उशीर झाला तर यांना माझा पत्ता बरोबर सापडतो. करारात बारीक अक्षरात लवाद आहे, तोही त्यांच्या राज्यात. वकिलाने हात लावायचेच ३,५०० सांगितले.

उपयोगी पडलं ते एकच ठिकाण, एपेक्स अ‍ॅक्सेलरेटर. पूर्वी पीटॅक म्हणायचे. सरकारी पैशावर चालतं, सरकारला माल कसा विकायचा याचा सल्ला फुकट. तिथल्या बाईंनी पहिला प्रश्न विचारला तो “माल कुठे बनतो?” दहा मिनिटांत विषय संपला. आधी तिथे जा. मग कोणाला पैसे द्यायचे ते द्या, पण वायरने नको.

सगळ्यात लाजिरवाणा फोन सोलापूरच्या मामांना करावा लागला. हॉस्पिटलसाठी लागतील म्हणून त्यांनी पांढऱ्याशुभ्र टॉवेलांचे पन्नास डझन नमुने आधीच विणून ठेवले होते. म्हणाले, “अरे, एवढ्या मोठ्या सरकारला आपला टॉवेल चालंना व्हय?” मी कारण सांगितलं. बांगलादेशचं नाव ऐकल्यावर ते बराच वेळ काहीच बोलले नाहीत. ते पन्नास डझन आता मोटेलवाल्यांना पडत्या भावात जाणार.

आणि गेल्या आठवड्यात नवीन फोन. ‘तुमचे बुडालेले पैसे काढून देतो, फी फक्त ४५०.’ फसलेल्यांची यादीही विकली जाते, हे ध्यानात ठेवा. कंपनीचं नाव वकिलाने घेऊ नको म्हटलंय. पण ज्यांच्याकडे ‘पोर्टल प्लेसमेंट’चं १,२००चं इनव्हॉइस पडलं असेल त्यांनी मला कळवा. चार-पाच जण जमलो तर वकिलाची फी वाटून घेता येईल.