कनेक्टेड मॅथेमॅटिक्स: रबरबँडने शिकवलेली समरूपता

मिशिगन स्टेट विद्यापीठातल्या प्राध्यापक ग्लेंडा लॅपन आणि सहकाऱ्यांनी 1991 मध्ये हाती घेतलेला हा सहावी ते आठवीचा अभ्यासक्रम. शिक्षकाने प्रश्न मांडायचा, मुलांनी शोधायचं, मग सगळ्यांनी मिळून निष्कर्ष काढायचा, अशी धड्याची चाल.

समरूपतेचा, म्हणजे आकार तोच पण माप लहान-मोठं असलेल्या आकृत्यांचा भाग तर फारच सुंदर. दोन सारखे रबरबँड एकमेकांत अडकवून मधोमध गाठ आणायची. एक टोक चित्राच्या डावीकडे अंगठ्याने घट्ट दाबायचं, दुसऱ्या टोकात पेन्सिल. नजर गाठीवर. गाठ मूळ रेषेवरून फिरेल अशी पेन्सिल न्यायची, की कागदावर मोठं चित्र उमटतं. बाजू दुप्पट, कोन तेच, क्षेत्रफळ चौपट!

अंगठा सरकला किंवा बँड सैल पडला की आकृती बिघडते. एक जुना, एक नवा बँड जोडलात तर ताण असमान बसतो आणि दुपटीचं माप चुकतं. डावखुऱ्या मुलांना टोक चित्राच्या उजवीकडे दाबायला सांगा. पहिल्यांदा सरळ बाजूंचं चित्रच द्या, पट्टीने मोजता येतं.

उणीव एकच, पण मोठी: वेळ. 35 मिनिटांच्या तासात शेवटची चर्चा राहून जाते आणि खरं गणित तर तिथेच उलगडतं. ती घाईत उरकली तर ‘बाजू दुप्पट म्हणजे क्षेत्रफळही दुप्पट’ हा गैरसमज तसाच राहतो. जोडतास मिळत असेल तर जरूर वापरा. आकडेमोडीचा सराव मात्र वेगळा द्यावा लागेल.